परदेशीं गेलेल्या मजुराचा वाली कोण?

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत दिल्लीच्या परराष्ट्र खात्यानें एका नव्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. परदेशीं पोट भरावयास जाणाऱ्या आपल्या लोकांची सोय व कल्याण पाहणारा हा कायदा असून, १९८३ सालच्या जुन्या कायद्याच्या जागीं तो यावयाचा आहे, असें सांगण्यांत आलें. लोकांनीं सूचना पाठवाव्या म्हणून जी मुदत ठेवली होती ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत संपली. आतां आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं हा मसुदा पाहिला? कळमनुरीच्या मोंढ्यांत हळदीचा भाव शेंबड्या पोराला देखील तोंडपाठ असतो. पण ज्या कायद्यावर त्याच पोराच्या चुलत्याची मजुरी, त्याचा पासपोर्ट, आणि वेळ आली तर त्याचें प्रेत घरीं येणें अवलंबून आहे, त्याचा एक शब्दहि चावडीवर कोणी वाचून दाखविला नाहीं. तलाठ्यानें नाहीं, ग्रामसेवकानें नाहीं, आमदार-खासदारांच्या माणसांनीं नाहीं. आम्ही स्वतःस ह्या दोषांतून वगळीत नाहीं. त्या महिन्यांत आमच्या ह्याच पानावर दुसऱ्या विषयांना जागा मिळाली, ह्याला मिळाली नाहीं.

ह्यापूर्वीं २०१९ सालीं व २०२१ सालीं असेच मसुदे निघाले आणि कपाटांत गेले. ह्या तिसऱ्याचें काय व्हायचें तें होवो. मसुद्यांतल्या कलमांचा कीस काढणारे वकील पुष्कळ आहेत. आम्हांस त्याहून वेगळा एक प्रश्न विचारावयाचा आहे : ज्या मजुरासाठीं हा कायदा लिहिला जातो, त्याचा तो लिहिणाऱ्यांच्या निवडणुकींत कांहीं हात आहे काय?

परदेशीं जाणारे लोक आपल्याकडे दोन प्रकारचे आहेत, आणि सरकार दोघांनाहि एकाच शब्दांत मोजतें. येथूनच घोटाळा सुरू होतो. पहिला प्रकार पदवी घेऊन अमेरिकेस, विलायतेस जाणारांचा. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस पाळूं लागले, त्यांत शालजोड्या मिळतात त्या ह्यांना. दुसरा प्रकार आखातांत चुना-विटा वाहणारांचा, गाड्या हांकणारांचा, भटारखान्यांत भांडीं घासणारांचा. त्यांना शालजोडी नको आहे. वेळेवर पगार मिळाला तरी ते मंत्र्याला दुवा देतील. रिझर्व्ह बँकेनें २०२३-२४ सालच्या पाहणींत असें दाखविलें आहे कीं, परदेशांतून घरीं येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा २०.५, म्हणजे सर्व राज्यांत पहिला, केरळचा १९.७. हा पहिला नंबर ऐकून मुंबईच्या मंत्र्यांची छाती फुगली असेल. पण तीच पाहणी सांगते कीं, एकट्या अमेरिकेंतून येणारा पैसा शेंकडा २७.७ वर गेला, आणि आखाताचे सहाहि देश मिळून ३८ च्या आसपास राहिले. तेव्हां महाराष्ट्राचा पहिला नंबर मुंबई-पुण्याच्या गच्चीदार बंगल्यांचा कीं कळमनुरीच्या पत्र्याच्या घरांचा, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

पहिल्या प्रकारांत कोण आहेत? ज्यांच्या आज्या-पणज्यांना इंग्रजी शाळेचा उंबरठा मोकळा होता त्यांचीं मुलें फार, आणि आमच्या बहुजनसमाजाचीं थोडीं. थोडीं तरी आहेत ह्याचा आम्हांस आनंद आहे. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें जी परदेशी शिष्यवृत्ति आहे, तींतून अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांची वर्षाला निवड होते. बडोद्याच्या सयाजीरावांच्या मदतीनें १९१३ सालीं बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, त्याच वाटेचा तो पुढचा टप्पा होय. पण दुसऱ्या प्रकारांत कोण आहेत? कुणबी, धनगर, माळी, बंजारा, आंध, बौद्ध, मुसलमान. त्यांची निवड कोणती समिति करीत नाहीं. त्यांची निवड दलाल करतो.

गंमत अशी कीं, अरबस्तानाची ओळख आमच्या मुलखाला नवी नाहीं. निजामशाहींत हद्रमौतहून अरब येथें चाकरीला येत. कमरेला जंबिया लावून ते सावकाराच्या ओट्यावर बसत, वसुलीस जात, आणि स्वतःहि व्याजानें पैसा लावीत. हिंगोलीस कंटिंजंट फौजेची छावणी होती, ती १९०३ पर्यंत. त्या काळीं परमुलखांतला शिपाई येथें येऊन आमच्या कुणब्यावर पहारा करी. आज आमच्या कुणब्याचा पोर त्यांच्या मुलखांत जाऊन इमारतींवर पहारा करतो. परंतु त्या अरबाला निजामाच्या दरबारांत त्याचा जमादार होता. अरबाचा पगार थकला तर जमादार दिवाणाच्या दारांत जाऊन बसे, आणि दिवाण त्याला वचकून असे. आमच्या पोराचा जमादार कोण?

समजा, आमच्याच तालुक्यांतला एक गडी आहे. दोन एकर कोरडवाहू, त्यांत तीन भाऊ. इसापूरचें धरण डोळ्यांना दिसतें, पण पाणी शिवाराला शिवत नाहीं. सोयाबीन पावसानें गेलें. पूर्वीं तो कोयता घेऊन बायकोसह कारखान्याच्या फडावर जाई. तेथें मुकादम उचल देई, आणि उचल फिटेतोंवर जोडपें मुकादमाचें. आतां गांवांत निराळाच मुकादम येऊं लागला आहे. ह्याच्या अंगांत इस्त्रीचा सदरा, हातांत दोन मोबाइल, आणि हा उचल देत नाहीं, घेतो; फरक एवढाच. कायदा असा कीं, परवानेदार एजंटानें मजुराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर ह्यांहून अधिक पैसा घेऊं नये. पण हा गांवचा दलाल परवानेदार नसतोच. तो एका एजंटाचा माणूस, तो एजंट दुसऱ्याचा माणूस, आणि परवाना मुंबईस किंवा हैद्राबादेस कोणाच्या तरी भिंतीवर टांगलेला. तीस हजारांचे लाख होतात, लाखाचे दीड लाख. पावती मागितली तर दलाल म्हणतो, “विश्वास नाहीं काय?” मग जमिनीचा तुकडा गहाण पडतो, बायकोचें डोरलें सोनाराकडे जातें, आणि विमानांत बसण्यापूर्वींच गडी दोन वर्षांची मजुरी हरून बसतो.

नंतर व्हिसा येतो. कधीं नोकरीचा येतो, कधीं नुसता पाहुण्याचा. पाहुण्याच्या व्हिसावर गेलेला माणूस सरकारच्या दप्तरीं मजूर म्हणून चढतच नाहीं. दप्तराच्या लेखीं तो सहलीला गेलेला असतो! २०१४ पासून सरकारनें परदेशीं जाणाऱ्या मजुरांची नोंद संगणकावर ठेवण्याची व्यवस्था केली आहे. प्रवासी भारतीय विमा योजना आहे, तींत दोन वर्षांना २७५ रुपये व तीन वर्षांना ३७५ रुपये भरले असतां अपघाती मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठेवलेली आहे. व्यवस्था वाईट नाहीं. परंतु दीड लाख घेणारा दलाल हे पावणेतीनशें रुपये वांचवितो, कारण विमा उतरवावयाचा म्हटलें कीं नोंद आली, आणि नोंद आली कीं एजंटाचें नांव आलें.

ह्यांत आणखी एक उलटा न्याय आहे, तो वाचकांनीं नीट समजून घ्यावा. ज्याचें शिक्षण दहावीच्या आंत, त्याच्या पासपोर्टावर शिक्का असतो कीं आखात वगैरे अठरा देशांस नोकरीला जातांना सरकारची परवानगी लागेल. ती देतांना करार पाहतात, विमा पाहतात. दहावी पास झालेल्याला हा शिक्का नसतो. त्यानें खुशाल जावें. म्हणजे सरकारचा समज असा कीं, दहावी झालेला माणूस आपलें आपण पाहून घेईल. अहो, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंतून कशीबशी दहावी निघालेला पोर अरबी-इंग्रजींत लिहिलेला करार काय पाहणार? शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें तें रयतेच्या पोराला बळ यावें म्हणून. येथें शिकल्याबद्दल त्याचें संरक्षणच काढून घेतलें आहे! आणि संरक्षक म्हणून जो सरकारी अंमलदार १९८३ च्या कायद्यानें नेमलेला, तो महाराष्ट्रापुरता मुंबईस. कळमनुरीहून मुंबई पांचशें किलोमीटरांहून लांब. दलाल मात्र आठवडी बाजारांत भेटतो.

तिकडे उतरल्यावर कागद बदलतो. येथें ड्रायव्हर म्हणून सांगितलेलें असतें, तिकडे उन्हांत लोखंड वाहावयास लावतात. पासपोर्ट मालकाच्या कपाटांत जातो. मालकाच्या चिठ्ठीवांचून दुसरी नोकरी धरतां येऊं नये, ही तिकडची जुनी वहिवाट. तिच्याविरुद्ध जगभर ओरड झाली, आणि फुटबॉलच्या सामन्यांमुळें सगळ्या दुनियेचे डोळे लागल्यावर कतारनें २०२० सालीं ही चिठ्ठीची अट काढली व पुढच्याच वर्षीं कमीत कमी हजार रियाल पगार ठरविला. परमुलखांतला राजा सुद्धां लाज वाटली म्हणजे बदलतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लाज वाटविणारा मात्र कोणी तरी लागतो.

हा धंदा आजचा नाहीं. १८३४ पासून मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांत गिरमिटिये मजूर जाऊं लागले. बहुतेक बिहारचे व मद्रासेकडचे, पण मुंबई बंदरांतून कोंकणांतले मराठी मजूरहि गेले, आणि त्यांचे वंशज आज तेथें मराठी म्हणून नांदत आहेत. पांच वर्षांच्या करारावर आंगठा, आणि कामावरून पळाला तर तुरुंग, अशी ती पद्धति. ती मोडावी म्हणून नामदार गोखल्यांनीं १९१२ सालीं वरिष्ठ कौन्सिलांत ठराव आणला. सरकारच्या बाजूच्या मतांनीं तो पडला. गोखल्यांशीं आमच्या पक्षाचे मतभेद होते, आजहि त्यांच्या पंथाशीं आमचें पटत नाहीं. पण ह्या कामाचें श्रेय आम्ही त्यांस मोकळ्या मनानें देतों. १९१७ सालीं अखेर मजुरांची ती भरती थांबली. २०२३ सालीं मॉरिशसमध्यें मोका येथें आमच्या राज्याच्या पुढाऱ्यांच्या हस्तें छत्रपति शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. महाराजांचा पुतळा समुद्रापलीकडे उभा राहिला ह्याचा अभिमान कोणाला वाटणार नाहीं? परंतु ज्यांचे पणजे आंगठा उठवून गेले त्यांच्यापुढें जाऊन भाषण करणें सोपें आहे. आज आंगठा उठवून जो चालला आहे, त्याच्यापुढें कोण येतो?

आतां जवळचाच दाखला घ्या. आमचा तालुका आणि पलीकडचा निजामाबाद, आदिलाबाद हा मुलूख १९५६ पर्यंत एकाच हैद्राबाद राज्यांत होता. एकच रुपया चालला, एकच कोतवाली होती, एकाच पावसाची वाट दोघे पाहत. १ नोव्हेंबर १९५६ ला रेघ ओढली गेली. तिकडचे आंध्रांत गेले, आम्ही मुंबई राज्यांत आलों. रेघेपलीकडच्या जिल्ह्यांतूनहि आखातास माणसें जातात, खेड्याच्या खेडीं जातात. २०२४ सालीं तेलंगण सरकारनें असें ठरविलें कीं, आपल्या राज्याचा मजूर आखातांत मेला तर त्याच्या कुटुंबाला पांच लाख रुपये द्यावे. आणि हैद्राबादेस मुख्य जनता-दरबाराच्या जागींच परदेशांतल्या मजुरांच्या गाऱ्हाण्यांसाठीं वेगळी खिडकी उघडली. रेघेच्या अलीकडे, आमच्या बाजूला, मजूर तसाच मेला तर त्याच्या बायकोनें कोणत्या दारावर थाप मारावी? हिंगोलीच्या कलेक्टर कचेरींत किंवा कळमनुरीच्या तहसिलींत हा प्रश्न विचारून पाहा. कारकून भला असेल तर खासदारांच्या बंगल्याचा पत्ता सांगेल.

केरळची गोष्ट तर जुनीच. तेथें परदेशीं माणसें पाठविण्यासाठीं सरकारी मंडळी १९७७ सालींच निघाली. तामिळनाडूनें पुढच्या वर्षीं काढली. १९९६ सालीं केरळ सरकारनें परदेशीं असलेल्या आपल्या लोकांसाठीं स्वतंत्र खातें उभारलें, २००८ त कायदा करून कल्याण मंडळ काढलें, परत आलेल्यांस पेन्शन लावली. १२ जून २०२४ रोजीं कुवेतांत मंगफ येथें मजुरांच्या इमारतीला आग लागली व पंचेचाळीस भारतीय जळून, गुदमरून मेले. त्यांत केरळचे सर्वांत अधिक. महाराष्ट्राच्या वांट्याचा एक होता. दोन दिवसांनीं प्रेतें घेऊन लष्कराचें विमान उतरलें तें कोचीस, आणि तेथें मुख्यमंत्री स्वतः उभे होते. प्रेताला मुख्यमंत्री काय कामाचा, असें कोणी म्हणेल. कामाचा आहे. जें सरकार प्रेताला सामोरें येतें, तें सरकार जिवंत माणसाच्या तक्रारीला उत्तर देण्याचें टाळूं शकत नाहीं.

केरळाला हें कां सुचलें? मल्याळी मंत्री आमच्या मंत्र्यांहून मनानें मोठे म्हणून नव्हे. तेथें घरटीं माणूस बाहेर आहे, आणि चुलीपाशीं बसलेली त्याची आई, बायको, बहीण ह्यांच्या हातांत मत आहे. आणि त्या मत देतांना हा प्रश्न विचारतात. गांठ येथें आहे. आम्ही जिला राजकीय सुधारणा म्हणतों ती हीच.

ह्या चळवळीच्या वाचकांस जुना इतिहास सांगावयास नको. १९१९ च्या सुधारणा येऊं लागल्या तेव्हां ब्राह्मणेतर पक्षानें एकच टुमणें लावलें होतें : अधिकार लोकांना देतां, पण लोक म्हणजे कोण? कौन्सिलांत शेटजी-भटजीच बसणार असतील तर रयतेला नुसता राजा बदलून मिळेल. त्या ओरडीनें मुंबई कौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं सात जागा राखल्या गेल्या. पुढें भास्करराव जाधव मंत्री झाले. तेव्हां आम्हांस जातिवेडे म्हणून हिणविलें गेलें. निजामी मुलखांत तर तेवढेंहि नव्हतें. येथल्या रयतेनें सरसकट मत दिलें तें १९५२ सालीं. आमच्या आजांनीं जें मत पहिल्यानें हातांत धरलें, तें त्यांचा नातू विमानांत बसला कीं गळून पडतें.

कायद्यानें गळून पडत नाहीं, हें खरें. २०१० सालीं कायदा सुधारून परदेशीं राहणाऱ्या नागरिकाला आपल्या गांवच्या यादींत नांव लावण्याचा हक्क दिला गेला. पण अट अशी कीं, त्यानें मतदानाच्या दिवशीं पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर व्हावें! म्हणजे दम्मामच्या मजुरानें एक-दोन महिन्यांची कमाई तिकिटांत घालून, मालकाची रजा काढून, कळमनुरीच्या शाळेपुढें रांगेंत उभें राहावें. परिणाम काय झाला तो पाहा. २०२४ च्या लोकसभेच्या वेळीं साऱ्या देशांत परदेशस्थ मतदार नोंदले गेले ते सुमारें एक लाख एकोणीस हजार. त्यांतले तीन चतुर्थांश एकट्या केरळचे. प्रत्यक्ष मत देणारे तीन हजारहि भरले नाहींत, आणि तेहि बहुतेक केरळचेच. परदेशीं आपले लोक कोटीच्या वर आहेत. ह्याला हक्क म्हणावयाचें तर चंद्रावरच्या जमिनीचा सातबाराहि हक्कच म्हटला पाहिजे.

दुसऱ्याच्या हातीं मत देण्याची सोय करणारें बिल २०१८ च्या ऑगस्टांत लोकसभेनें पास केलें. वरच्या सभेंत तें अडलें, आणि लोकसभा बरखास्त होतांच मेलें. २०२० च्या नोव्हेंबरांत निवडणूक आयोगानें सरकारला लिहिलें कीं, सीमेवरच्या शिपायांना जशी मतपत्रिका विजेच्या तारेनें जाते व टपालानें परत येते, तशी परदेशस्थांनाहि देतां येईल. शिपायाला जमतें तें मजुराला कां जमूं नये? दोघेहि घरापासून दूर, दोघेहि आपल्याच देशाचे, आणि परकी चलन घरीं आणणारा तर दुसराच. फिलिपाइन्स हा देश आमच्यासारखाच माणसें परदेशीं पाठवितो. त्यानें २००३ सालीं कायदा करून त्यांना तेथूनच मत देण्याची सोय केली, आणि २०२१ च्या डिसेंबरांत त्यांच्यासाठीं निराळें मंत्रिखातें निर्माण केलें. आधीं मत, मग खातें. हा क्रम पाहण्यासारखा आहे.

ह्यावर एक आक्षेप आहे, तो खोटा नाहीं. मजुरांच्या बराकींत एका खोलींत आठ-आठ माणसें. तेथें मतपत्रिका गुप्त कशी राहणार? मालकाचा मुकादम किंवा तोच दलाल गठ्ठ्यानें मतें विकणार नाहीं कशावरून? विकील. गांवांत तरी दुसरें काय होतें? तरी पण आम्ही हा धोका हसण्यावारी नेत नाहीं. म्हणून बराकींत मतपत्रिका पाठविण्यापेक्षां वकिलातींत, शुक्रवारच्या सुटीच्या दिवशीं, पडद्याआड मत घेण्याची सोय व्हावी हें आम्हांस अधिक पसंत आहे. त्यासाठीं तिकडच्या सरकारांची राजी लागेल. ती मिळविणें हें परराष्ट्र खात्याचें काम. तेलाचे करार करतांना जी गोड वाणी वापरतात, ती येथेंहि वापरावी.

दुसरा आक्षेप पुढाऱ्यांचा : “जातात कशाला? येथें काम नाहीं काय?” हा प्रश्न विचारणाराचें पोर बहुधा ऑस्ट्रेलियांत असतें. येथें काम आहे. चार महिने आहे, आणि त्यांतहि पावसाची मर्जी. माणसानें जाऊं नये असें वाटत असेल तर शिवाराला पाणी द्या, मग बोला. तोंवर जाणाराची वाट तरी सुरक्षित करा. मुंबई सरकारानें २०२४ च्या फेब्रुवारींत जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल कामगार पाठविण्याचा करार केला, तेव्हां सरकारला परदेशच्या नोकऱ्या वर्ज्य आहेत असें तर म्हणतां येत नाहीं. जर्मनीस जाणाऱ्या कुशल मुलासाठीं सरकार स्वतः करार करतें. जुबैलला जाणाऱ्या गवंड्यासाठीं दलाल करतो.

आतां थोडें आमच्याच घरांत पाहूं. भटजींना नांवें ठेवून आमचें पोट भरत असे ते दिवस गेले. गांवांतला हा दलाल कोणत्या जातीचा असतो? आमच्याच. तो गडी आपल्याच भावकींतला म्हणून तर विश्वासानें पैसे देतो. आणि तोच दलाल जयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी देतो म्हणून आमचे पुढारी त्याला पाटावर बसवितात. फसलेला मनुष्य पोलिसांत जाऊं लागला कीं हेच पुढारी “घरचें भांडण घरांत मिटवा” म्हणून त्याला अर्ध्या रकमेवर गप्प करतात. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं साडेपांच हजार गिरणी-कामगारांच्या सह्या गोळा करून सरकारपुढें अर्ज ठेवला. त्या माणसांना मत नव्हतें, युनियनचा कायदा नव्हता, मुंबई हाच त्यांचा परदेश होता. सहा वर्षें झगडून १८९० त आठवड्याची सुटी मिळविली. त्यांनीं गिरणीच्या जॉबरला जातभाई म्हणून सोडलें असतें तर ती मिळाली नसती.

आमचें मागणें मोठें नाहीं. कळमनुरीस आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय आहे, तहसील आहे. जागा नाहीं असें कोणी म्हणूं नये. आठवड्यांतून एक दिवस, बाजाराच्या दिवशीं, एक माणूस तेथें बसवा, ज्याला हा कायदा ठाऊक आहे. परवानेदार एजंटांची यादी मराठींत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. जो यादींत नाहीं त्यानें पैसे घेतले तर तो गुन्हा आहे, हेंहि खालीं लिहा. जाणाऱ्याचा करार मराठींत वाचून दाखवून त्याची एक प्रत तहसिलींत ठेवा. दहावी पास असो वा नसो, मजुरीला जाणाऱ्या प्रत्येकाचा विमा उतरवा. आणि ह्या सर्वांहून आधीं, बाहेर गेलेल्याचें नांव गांवच्या मतदार यादींतून मारूं नका, चढवा.

ह्या शेवटच्या कामाला मात्र सरकारची वाट पाहावयास नको. परदेशस्थ मतदाराच्या नोंदणीचा नमुना ६-अ म्हणून निघतो. त्याला पासपोर्टाची व व्हिसाची नक्कल लागते. दोन्ही हल्लीं मोबाइलवर येतात. तालुक्यांतल्या ज्या घरचा माणूस बाहेर आहे, त्या घरच्या मायबहिणींनीं त्या नकला मागवून घ्याव्या व बाजाराच्या दिवशीं आमच्या कचेरींत याव्या. नमुने आम्ही आणून ठेवले आहेत, भरूनहि देऊं, पैसा लागणार नाहीं. पांचशें नांवें जमलीं कीं तीं घेऊन आम्ही तहसीलदारांकडे जाणार आहों, आणि येत्या निवडणुकींत जो उमेदवार मत मागावयास येईल त्याच्यापुढें तीच यादी ठेवणार आहों.